रविवारी किती वाजता?

त्या शनिवारी दुपारी आम्ही दोघांनी गच्चीवर लुगडं पिळलं. सुती नऊवारी ओलं झालं की एका माणसाच्या हातचं राहत नाही, वाळू भरल्यासारखं जड होतं. एक टोक तिच्याकडे, एक माझ्याकडे. समोरासमोर उभं राहून दोघांनी आपापल्या उजव्या अंगाला पिळायचं. मी हटकून डावीकडे पिळायचो. मग लुगडं नुसतं हवेत गरगरायचं आणि पाणी जिथल्या तिथे.

"अहो, उजवीकडे! जेवता त्या हाताकडे!" ती ओरडली. लग्न झाल्यापासून हेच ओरडत होती.

पिळता पिळता म्हणाली, "उद्या पान्हा घ्या बरोबर."

"तलावाचं कुलूप पान्ह्याने उघडत नाही."

"मग कशाने उघडतं?"

"किल्लीने."

"किल्ली त्या खन्नाच्या खिशात आहे. किल्ली नसली तर?"

"हॅकसॉने कापावं लागेल."

"मग हॅकसॉ घ्या. आणि पातं नवं घाला. नाहीतर बसाल खरवडत आणि बायका राहतील उन्हात उभ्या."

लुगडं दोरीवर टाकलं. जरा पडते म्हणाली आणि खाली गेली. चहाच्या वेळेला हाक मारली तर उठली नाही. डॉक्टर आला, हृदय म्हणाला, निघून गेला. आजारपण नाही, दवाखाना नाही, काही नाही. मेथी निवडून ठेवलेली होती चाळणीत.

आता हे सगळं मी का लिहितोय? इथल्या मराठी मंडळाच्या अंकात तिच्यावर दोन पानं छापून आली म्हणून. मी सातवीपर्यंत शिकलो, तीही धड नाही. पण वाचता येतं. त्यात लिहिलंय, 'मृदुभाषी जलपरी'. ज्या बाईंनी लिहिलंय त्या सुगंधाशी आयुष्यात एकदा बोलल्या असतील, हळदीकुंकवाला. मृदुभाषी म्हणे! साहिबाबादच्या मासळीबाजारात जाऊन विचारा. तिथे एक जण तिला बघितलं की टोपलीवर गोणपाट टाकायचा. ती गोणपाट उचलायची, माशाचा कल्ला उघडायची आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं म्हणायची, "ये मच्छी मरा ना, उस दिन हमारा शादी हुआ था." तिचं हिंदी असंच होतं. सगळं आयुष्य गाझियाबादेत गेलं तरी सुधारलं नाही. समोरच्याला मात्र सगळं कळायचं.

ती देवगडच्या बाजूची. बापाची होडी होती, जाळं होतं. चालायला आणि पोहायला बरोबरच शिकली असेल. मी कऱ्हाडकडचा. गावात विहीर होती, पण मी काठावर बसून दुसऱ्यांचे कपडे सांभाळायचो. मला पोहता येत नाही. आजही येत नाही. कारखान्यात फिटर म्हणून लागलो, तिला घेऊन इकडे आलो. मूल झालं नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे कुणी विचारायला नको.

इथल्या मराठी बायकांनी तिला पाचवारी नेसायला लावायचा फार खटाटोप केला. "अहो, इथे बरं दिसत नाही." ती म्हणायची, "मला चालायचं असतं, दिसायचं नसतं." कासोटा घट्ट मारायची आणि निघायची. नळावर भांडण असो नाहीतर रेशनची रांग, कासोटा मारलेल्या बाईला कुणी मागे ढकललेलं मी तरी पाहिलं नाही.

मग बाजार खुला झाला, देश पुढे निघाला, असं पेपरात यायला लागलं. आमचा कारखाना मात्र बंद पडला. बिल्डर आला. मशिनं भंगारात गेली. ज्यांनी भांडणतंटा न करता सही केली त्यांना त्याच जागेवर होणाऱ्या टॉवरमध्ये एकेक लहान फ्लॅट दिला. मी सही केली. म्हणून माझ्यासारखा माणूस पैसेवाल्या लोकांत राहायला गेला. जिथे माझं लेथ मशीन होतं, बरोबर तिथे पोहण्याचा तलाव खणला. निळ्या फरशा, आजूबाजूला प्लास्टिकच्या आरामखुर्च्या. पहिल्या दिवशी ती तलावाकाठी गेली, वाकून पाण्याचा वास घेतला. कुठलंही पाणी ती आधी हुंगायची, माठातलंसुद्धा. म्हणाली, "हे डबकं आहे. औषध घातलेलं डबकं." आणि घरी आली. तलाव तसाही कुणी वापरत नव्हतं. लोक काठावर बसून पकोडे खायचे.

मागच्या बाजूला आणखी टॉवर चढत होते. तिथे मजुरांच्या पत्र्याच्या झोपड्या. पायासाठी खणलेला खड्डा काम थांबल्यामुळे तसाच पडला होता आणि त्यात पाणी साठलं होतं. झोपड्यांना नळ नव्हता. बायका त्याच खड्ड्यावर धुवायच्या, तिथेच अंघोळी करायच्या. एके दिवशी फूलमती नावाची पोरगेली बाई, विटा वाहणारी, पाय घसरून आत गेली. तिची जेठाणी, म्हणजे थोरली जाऊ, बिमला आमच्या मजल्यावर जिना झाडायला आणि घरकामाला यायची. ती ओरडत धावत आली, आणि मला बाजूला सारून सुगंधाच्या हाताला धरून तिला ओढत घेऊन गेली.

मी पोचलो तेव्हा खड्ड्याच्या कडेला माणसं उभी होती. मिस्त्री, मुकादम, दोन इंजिनियर. सगळे टोप्या घातलेले. एकालाही पोहता येत नव्हतं. सुगंधा कासोट्यासकट आत गेली. दोनदा रिकामी वर आली, तिसऱ्यांदा फूलमतीला घेऊन आली. काही उपयोग नव्हता. साडी पायांना अशी आवळली होती, खाटेला सुंभ आवळतात तशी. सुगंधाने ती साडी बसून सोडवली, वेढ्यावर वेढा. सोडवताना इंजिनियरला मराठीत शिव्या देत होती. त्यातली एकही मी इथे लिहू शकत नाही आणि त्यातली एकही खोटी नव्हती.

घरी येऊन म्हणाली, "गुडघ्याएवढ्या पोराला येतं ते ह्या बायकांना येत नाही. पाण्यावर नुसतं पडून राहता आलं असतं तरी वाचली असती." आणि त्या रात्री जेवली नाही.

पुढच्या रविवारी सोसायटीची मीटिंग. ती मीटिंगला कधी जात नसे. गेली, आणि उभी राहून म्हणाली, "झोपडी का औरत लोग को पूल में तैरना सिखायेगा हम. रविवार को सवेरे. एक घंटा."

सगळे हसले. मग एक बाई म्हणाल्या, "कामवाली पूल में? और उसी में हमारे बच्चे?" दुसऱ्या म्हणाल्या, स्किनचं काही झालं तर? त्याच बायकांच्या घरी त्याच बिमलाच्या हातची मळलेली कणीक चालत होती. पिठाला स्किन लागत नसावी.

अध्यक्ष खन्ना गोड माणूस. गोड माणसांची मला आता भीती वाटते. त्यांनी नुकताच सोसायटीचा दानधर्माचा फंड काढला होता आणि पेपरात फोटो यावा अशी फार इच्छा होती. कुणीतरी त्यांच्या कानात सांगितलं असावं की ही बाई समुद्रकाठची. ते म्हणाले, "भाभीजी, आप तो समुंदर वाली हैं. एक काम कीजिए. हमारे फंड के लिए समुंदर तैरिए. चंदा आएगा, झुग्गी में हैंडपंप लगवा देंगे. फिर संडे का एक घंटा आपका."

ते चेष्टेत म्हणाले होते, हे मला लगेच समजलं. तिला ती चेष्टा आहे हे समजून घ्यायचंच नव्हतं. म्हणाली, "लिखो."

"अरे भाभीजी, ज़बान है हमारी. बिल्कुल."

तेव्हा तिची पन्नाशी उलटून गेलेली होती.

मुंबईला चौकशी केली. मांडव्याहून मुंबईच्या धक्क्यापर्यंत पोहतात, असं कळलं. पोहणाऱ्यांची संघटना असते, ती आपला निरीक्षक देते, सोबत होडी लागते. तयारी कुठे करायची? सोसायटीच्या तलावात नियम लावला होता, नायलॉनचा पोशाख नसेल तर प्रवेश नाही. मग आम्ही मुरादनगरला गंगनहरवर जायला लागलो. तिथे घाटाला लोखंडी साखळ्या आहेत. ती लुगड्याचं एक टोक साखळीला बांधायची, एक कमरेला, आणि ओढीच्या विरुद्ध पोहायची. कालव्याला ओढ फार. ती हात मारत राहायची आणि जागच्या जागी राहायची. तास गेला तरी तिथेच. मी घाटावर बसून गाठीवर नजर ठेवायचो.

मी म्हणालो, "दोर आणतो ना चांगला नायलॉनचा."

"दोर ओला झाला की हातातून सटकतो. लुगडं ओलं झालं की धरून ठेवतं. माझा बाप लुगडंच फेकायचा होडीतून."

एकदा मी भुईमुगाच्या शेंगा आणायला वर गेलो, तेवढ्यात गावातल्या तीन पहिलवानांनी उड्या मारल्या. त्यांना वाटलं, म्हातारी कमरेला बांधून घेऊन जीव द्यायला आलीय. तिघांनी मिळून तिला ओढून बाहेर काढली. मी खाली आलो तर ती एकाच्या थोबाडीत देत होती आणि तो हात जोडून म्हणत होता, "अम्मा, ज़िंदगी बहुत अनमोल है." मला बघून म्हणाली, "तुम्ही काय शेंगा खाताय? सांगा ह्यांना!" मी सांगितलं. त्यांचा विश्वास बसला नाही. पण पुढच्या वेळेपासून ते तिघेही घाटावर येऊन बसायचे आणि कुणी वाचवायला उडी मारायला निघालं की त्याला धरून ठेवायचे.

समुद्रात लुगडं चालणार नव्हतं. साहिबाबादच्या एका शिंप्याने काळ्या कापडाचा पोशाख शिवला, गुडघ्यापर्यंत. बिचारा जन्मभर कामगारांचे युनिफॉर्म शिवत आलेला, सवयीने खिसा ठेवला. मी म्हटलं, उसवून घेऊ. ती नको म्हणाली. मांडव्याला पहाटे पाण्यात शिरायच्या आधी तिने खिशात सुपारी घातली. समुद्रावर जाताना नारळ द्यायचा असतो. नारळ घेऊन पोहता येत नाही, म्हणून सुपारी. पाण्याचा वास घेतला. ह्या वेळी काही बोलली नाही. पण तिचा चेहरा मी पाहिला. गाझियाबादेत तो चेहरा मी कधी पाहिला नव्हता.

होडीत मी, संघटनेचा निरीक्षक, नावाडी, खन्ना आणि त्यांनी दिल्लीहून आणलेला फोटोवाला. खन्नांनी पांढरे बूट घातले होते. निरीक्षकाने निघतानाच सगळ्यांना बजावलं होतं, खाणंपिणं काठीला बांधून द्यायचं, पोहणाऱ्याला हात लावायचा नाही. बोट लागलं तरी बाद. खन्ना म्हणाले, बिल्कुल.

अर्ध्याच्या पुढे आलो. ऊन चढलं होतं, भरतीची ओढ बदलत होती, तिचे हात जड पडायला लागलेले मला दिसत होते. कोमट पाणी प्यायला ती होडीजवळ आली. आणि खन्नांना काय सुचावं! हे लोक देवळात जातात तर देवाच्या पायाला हात लावल्याशिवाय त्यांना दर्शन झालंसं वाटत नाही. फोटोवाल्याला म्हणाले, "ले, ले," आणि होडीतून अर्धे बाहेर वाकून तिच्या डोक्यावर आशीर्वादाचा हात ठेवायला निघाले. निरीक्षक शिट्टी फुंकतोय, नावाडी ओरडतोय, आणि खन्नांचा हात तिच्या केसांपासून वीतभर. इतक्या तासांचं सगळं त्या वीतभर जागेत उरलं होतं. ती पाय मारून मागे सरली आणि मला म्हणाली, "अहो, ह्या मेल्याला खाली बसवा. नाहीतर मी ह्याला आत घेते."

मी अध्यक्षसाहेबांची कॉलर धरली आणि त्यांना फळीवर आदळलं. त्याचा फोटो फोटोवाल्याने काढला नाही, एवढंच मला वाईट वाटतं. पुढचा सगळा वेळ खन्ना होडीच्या कडेला डोकं टेकून ओकत होते. पांढऱ्या बुटांचं काय झालं ते लिहीत नाही.

ती धक्क्याच्या पायऱ्या स्वतःच्या पायांनी चढली. पाय लटपटत होते, ओठ मिठाने फुटले होते, जीभ सुजली होती. खन्ना कसेबसे आले आणि हार घालायला लागले. लोक टाळ्या वाजवत होते. हार गळ्यात पडायच्या आत तिने विचारलं, "रविवार को कितना बजे?"

"भाभीजी, पहले आराम तो—"

"कितना बजे?"

"छह बजे. बिल्कुल छह बजे."

मला ती पायऱ्यांवरची तीच आठवते. टाळ्यांकडे लक्ष नाही, हार खांद्यावरून घसरलेला, नजर त्या माणसाच्या तोंडावर.

हँडपंप झाला. उद्घाटनाला खन्नांनी फीत कापली, पेपरात फोटो आला. रविवार काही येईना. आधी म्हणाले फिल्टर बिघडलाय. मग औषध टाकलंय. मग कमिटीत विषय घ्यावा लागेल. कमिटीत घेतला, तर म्हणाले जनरल मीटिंगला ठेवू. ती दर वेळी खन्नांच्या दारात जाऊन एकच प्रश्न विचारायची. त्यांच्या घरात तिला चहा मिळायचा, बिस्किट मिळायचं, "आप तो हमारी शान हैं" मिळायचं. एका रविवारी तिने चहा तसाच ठेवला आणि म्हणाली, "हम पूछना बंद करता है." खन्नांना बरं वाटलं असावं.

त्या दिवशीच ती बायकांना घेऊन गेली. तलावाला झोपड्यांच्या बाजूनेही फाटक होतं, तिथला चौकीदार बिमलाच्याच गावचा निघाला. त्याला नेमकी त्याच वेळी तंबाखू आठवली.

पाण्यात उतरायच्या आधी तिने सगळ्यांना काठावर ओळीने उभं केलं आणि कासोटा मारायला शिकवलं. पाचवारी साडीचाच, ओढूनताणून. बायका लाजेनं खिदळत होत्या. ती म्हणाली, "फूलमती का पैर बंधा था. तुम्हारा खुला चाहिए." मग कुणी हसलं नाही. पोहायला तिने नंतर शिकवलं. आधी फक्त पडून राहायला. एकेकीच्या पाठीखाली हात धरायची आणि ओरडायची, "पानी पे सो जाओ! आसमान देखो! गर्दन ढीली!" काठावर मी. लुगड्याचं एक टोक माझ्या हातात, दुसरं पाण्यात सोडलेलं. कुणी घाबरलं तर धरायला. तेवढंच माझं काम.

दर रविवारी, तलाव चालू असेल तोवर. तक्रारी झाल्या, चौकीदार बदलला, दंडाची भाषा झाली. ती कुणालाच उत्तर द्यायची नाही. बायका वाढतच गेल्या. आणि मग त्या आठवड्यात तलावाच्या त्या फाटकावर नवं कुलूप आलं, वर पाटी: केवल सदस्यों के लिए.

शनिवारचं सांगितलंच.

संध्याकाळच्या आत हिंडन नदीच्या घाटावर न्यायचं ठरलं. मंडळातल्या बायका आल्या. त्यांनी तिला हिरवं नेसवलं, मळवट भरला. त्यातली एक मला म्हणाली, "काका, वाईट वाटून घेऊ नका. सवाष्ण गेली, सोनं झालं." मी विचारलं, "कुणाचं?" ह्याचं उत्तर अजून मला कुणी दिलेलं नाही. ती आधी गेली हे तिचं भाग्य म्हणे. मला चहासुद्धा करता येत नाही आणि हे लोक भाग्य मोजतात.

बिमला आणि तिच्याबरोबरच्या बायका सोसायटीच्या फाटकाबाहेर ताटकळत होत्या. पास नाही म्हणून आत सोडलं नव्हतं. आम्ही तिरडी घेऊन बाहेर आलो तेव्हा त्या मागून चालायला लागल्या.

घाटावर खन्ना आले. पांढरा कुडता. माझे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाले, "भाईसाहब, हमने सोचा है, पूल का नाम भाभीजी के नाम पे रखेंगे. संगमरमर की पट्टी लगवाएँगे."

मी म्हणालो, "रविवार को कितने बजे?"

"जी?"

"रविवार को कितने बजे खुलेगा?"

"भाईसाहब, आज के दिन ये सब..."

मी हात सोडवून घेतले. चिता पेटली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो. शेजारची बाई रात्री पोळीभाजी ठेवून गेली होती, ती तशीच झाकलेली होती. ट्रंक उघडली, हॅकसॉ काढला. त्यात नवं पातं बसवलं. गच्चीवर गेलो. लुगडं दोरीवरच होतं. उन्हाने आणि वाऱ्याने पापडासारखं कडक झालं होतं. घडी करता येईना, म्हणून तसंच गोळा करून खांद्यावर टाकलं. जिन्यात शेजारी भेटला. म्हणाला, "भाईसाहब, सूतक में बाहर?" मी म्हणालो, "हटो."

तलावाच्या फाटकाशी बायका उभ्या होत्या. कुणी बोलावलं नव्हतं. सगळ्यांनी कासोटे मारलेले. नवा चौकीदार म्हणाला, "चाचा, मेरी नौकरी जाएगी." मी म्हटलं, "तेरा काम देखने का है. देख." कुलूप चांगल्या पोलादाचं होतं, पण आम्ही पोलादातच जन्म काढला आहे. नवं पातं होतं म्हणून बायकांना फार वेळ उन्हात उभं राहावं लागलं नाही.

बिमला आधी उतरली. मग बाकीच्या. एक नवी होती, गुडघाभर पाण्यातच थरथरत होती, माझ्याकडे बघत होती. मी लुगडं पाण्यात टाकलं. ते आधी तरंगलं, मग भिजून जड झालं. तिने ते टोक दोन्ही हातांनी धरलं. माझ्याकडचं टोक मी मनगटाला गुंडाळलं, चुकून डावीकडे. सोडलं आणि पुन्हा गुंडाळलं, उजवीकडे. मग ओरडलो, "पानी पे सो जाओ! आसमान देखो!"